डोक्याच्या त्वचेवर स्टिरॉइड लावताना: पहिल्या दिवसापासून औषध थांबेपर्यंत

स्टिरॉइड, म्हणजे त्वचेची सूज आणि खाज कमी करणारे औषध, देताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘लोशन, रात्री डोक्याला’ एवढेच लिहिलेले असते आणि नवा रुग्ण घरी येऊन तेल थापावे तसे ते डोक्यावर थापतो. माझ्या डोक्यातल्या सोरायसिसला, म्हणजे जाड खपल्या पडणाऱ्या त्वचारोगाला, आता चौदा वर्षे झाली, आणि पहिले सात-आठ महिने मीही तेच केले. औषध केसांना लागत होते, खपल्यांच्या वर वाळत होते आणि सकाळी उशीच्या अभ्र्याला पुसले जात होते. त्वचेपर्यंत ते पोहोचतच नव्हते. पुढे ते पोहोचू लागले तेव्हा इतका आराम पडला की थांबवण्याचा विचारही मनात आला नाही, आणि ती दुसरी चूक ठरली. औषध त्वचेपर्यंत पोहोचवणे आणि ठरलेल्या दिवशी ते थांबवणे, या दोन गोष्टी साधल्या तर या उपचारातले बाकीचे बरेचसे सांभाळून घेता येते, असे माझे ठाम मत आहे. औषध कोणते आणि किती तीव्रतेचे हे त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवायचे आहे; ते हातात आल्यानंतर काय करायचे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी रोगाचे नाव निश्चित करा

आपल्याकडे डोक्यातून काहीही पांढरे पडले की त्याला ‘कोंडा’ म्हणतात, आणि या एका शब्दाखाली किमान पाच-सहा वेगळे आजार लपतात. सोरायसिसमध्ये चट्टे जाड, चांदीसारख्या पांढऱ्या खपल्यांचे आणि स्पष्ट कडा असलेले असतात, ते बहुधा केसांची रेषा ओलांडून कपाळावर किंवा कानामागे उतरतात, आणि खपली ओढून काढली तर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. सेबोऱ्हिक डर्मटायटिसमध्ये पापुद्रे पिवळट आणि तेलकट असतात, कडा अस्पष्ट असतात, आणि भुवयांत किंवा नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीतही तीच लाली दिसते. केस रंगवल्यानंतर एक-दोन दिवसांत डोके, कान आणि पापण्या खाजून सुजल्या असतील, तर ती कलपातल्या पॅराफेनिलिनडायअमिन या रसायनाची अॅलर्जी असू शकते. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत हेच रसायन असते.

या सगळ्यांत स्टिरॉइडचा उपयोग होतो. परंतु लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटलेले दिसत असतील, तर तो बुरशीचा संसर्ग, म्हणजे डोक्यातला नायटा, असण्याची शक्यता मोठी असते. त्यावर स्टिरॉइड लावले की चार दिवस खाज कमी होते आणि आत बुरशी पसरत राहते; त्याला बुरशीविरोधी औषध पोटातूनच घ्यावे लागते. केस आणि खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी साधी असते, आणि शंका असेल तर ती करून घेतल्याशिवाय स्टिरॉइडची बाटली उघडू नये. मानेच्या मागच्या बाजूला आणि कानामागे फार खाज असेल तर उवा-लिखाही पाहून घ्याव्यात. शिकलेल्या घरांतही ही गोष्ट राहून जाते.

आणखी एक आजार वेगळा काढून सांगायला हवा. केसांच्या मुळाभोवती बारीक खपली, जळजळ, आणि टक्कल पडलेल्या जागी त्वचा गुळगुळीत होऊन केसांची छिद्रेच नाहीशी झालेली, असे दिसले तर तो लायकेन प्लॅनोपायलॅरिससारखा व्रण सोडणारा आजार असू शकतो. सोरायसिसमध्ये गळलेले केस बहुधा परत येतात. या आजारात गेलेले केस परत येत नाहीत. म्हणून तिथे घरगुती उपायांत घालवलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

बाटलीवरची टक्केवारी म्हणजे तीव्रता नव्हे

नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के आणि हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर दुसरी वीसपट जोरकस वाटते. प्रत्यक्षात क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र गटातले आणि हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटातले औषध आहे. तीव्रता रेणूच्या रचनेवर आणि तो कशात मिसळला आहे यावर अवलंबून असते. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडचा इतिहास १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा यशस्वी उपयोग दाखवला तेव्हा सुरू झाला. पुढे औषधे वाढत गेली तशी ती मोजायची कशी हा प्रश्न आला, आणि १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टफटन यांनी औषध लावलेली त्वचा किती फिकट पडते यावरून तीव्रता ठरवण्याची पद्धत मांडली. स्टिरॉइड त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून त्वचा फिकट होते. तीव्रतेचे आजचे वर्गीकरण बऱ्याच अंशी याच पद्धतीवर उभे आहे.

डोक्यासाठी बहुतेकदा मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल दिले जाते. यांतले पहिले साधारणपणे मध्यम ते तीव्र, दुसरे तीव्र आणि तिसरे अतितीव्र समजावे. डोक्याची त्वचा जाड असते म्हणून कितीही तीव्र औषध चालते, असे पुष्कळांना वाटते, आणि ते अर्धेच खरे आहे. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये शरीराच्या निरनिराळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषले जाते ते मोजले, तेव्हा कोपराखालच्या हाताच्या तुलनेत डोक्यातून सुमारे साडेतीनपट आणि कपाळातून सुमारे सहापट शोषण आढळले. म्हणजे डोक्यावरचे औषध ओघळून कपाळावर आले, तर ते अधिक नाजूक आणि अधिक शोषणाऱ्या जागी येते. हे लक्षात ठेवावे; औषध लावण्याच्या पायरीत ते लागेल.

याच ठिकाणी एक भीतीही दूर करायला हवी. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडे वेगळ्या जातीची असतात, त्यांचा आणि या लोशनचा संबंध नाही. ‘स्टिरॉइड’ हा शब्द वाचून अर्धेच औषध लावणारे, दोन दिवस लावून तीन दिवस सोडणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा आजार बरा होत नाही आणि औषधाचा काळ मात्र लांबत जातो.

कोणत्या रूपातले औषध केसांत चालते

चिकट मलम हे तीव्रतेच्या दृष्टीने उत्तम रूप असले तरी केसाळ डोक्यात ते निरुपयोगी ठरते, कारण ते केसांना चिकटते आणि दोन-तीनदा धुऊनही जात नाही. पातळ लोशन किंवा द्रावण बहुतेकांना सोयीचे पडते, पण त्यात अल्कोहोल असल्यामुळे खाजवून चिरलेल्या त्वचेवर ते जबर झोंबते, आणि ते पेटतेही; लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत देवाजवळचा दिवा, गॅस आणि विडी-सिगारेट यांपासून दूर राहावे. ज्यांना झोंबणे सहन होत नाही त्यांनी जेल किंवा फेस यांविषयी डॉक्टरांना विचारावे. क्लोबेटासॉलचा शॅम्पूही मिळतो; तो साध्या शॅम्पूसारखा वापरला की वाया जातो. तो कोरड्या डोक्यावर चट्ट्यांच्या जागी लावून पंधरा मिनिटे ठेवायचा, मग पाणी घालून फेस करायचा आणि धुऊन टाकायचा असतो. ज्यांना रात्रभर औषध डोक्यात ठेवणे जमत नाही त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे.

खपल्या सैल करणे

सोरायसिसची खपली दोन-तीन मिलिमीटर जाड असेल तर तिच्यावर ओतलेले औषध म्हणजे कौलांवर पडलेला पाऊस. घरात थेंबही येत नाही. म्हणून जाड खपल्या असतील तर पहिले तीन-चार दिवस स्टिरॉइड बाजूला ठेवून फक्त खपल्या सैल कराव्यात. त्यासाठी डॉक्टर ३ ते ६ टक्के सॅलिसिलिक आम्ल असलेले मलम किंवा लोशन देतात. ते रात्री चट्ट्यांवर लावून सकाळी धुवावे. सौम्य सोरायसिसमध्ये कोमट खोबरेल तेल तासभर ठेवूनही खपल्या मऊ होतात. तेलाचा हा सल्ला सेबोऱ्हिक डर्मटायटिसला लागू करू नये. तिथे मालासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, त्वचेवरच्या चरबीवर जगते, आणि रोज चंपी करून तेल जिरवणाऱ्यांच्या डोक्यातले पापुद्रे कमी होत नाहीत.

मऊ झालेल्या खपल्या रुंद दातांच्या कंगव्याने, त्वचेला जवळजवळ समांतर धरून, हलकेच उचलाव्यात. जी सुटेल ती सुटू द्यावी आणि जी धरून बसली असेल तिला हात लावू नये. नखाने किंवा उवांच्या बारीक फणीने ओरबाडण्याचा मोह फार होतो, मलाही होत असे. पण सोरायसिसमध्ये जिथे त्वचेला जखम होते तिथे नवा चट्टा उगवू शकतो, हा या रोगाचा ठाऊक असलेला स्वभाव आहे. लिंबू चोळणे, खाण्याचा सोडा, कापूर घातलेले तेल हे उपाय सुजलेल्या त्वचेला आणखी चिडवतात, तेव्हा ते पूर्ण बंद करावेत.

सॅलिसिलिक आम्लाबाबत दोन सावधगिऱ्या आहेत. लहान मुलांच्या मोठ्या भागावर ते लावू नये, कारण ते शोषले जाऊन बाधू शकते. दुसरे म्हणजे, तुम्हाला कॅल्सिपोट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध दिले असेल, तर ते सॅलिसिलिक आम्लाच्या संपर्कात निकामी होते, म्हणून दोन्ही एका वेळी लावू नयेत.

औषध लावणे

वेळ रात्रीची निवडावी, कारण दिवसा घाम, हेल्मेट आणि लोकांच्या नजरा यांमुळे हात आखडता राहतो. केस धुतले असतील तर पूर्ण वाळू द्यावेत. चांगल्या उजेडात आरशासमोर बसावे, आणि शक्य असेल तर पहिल्या आठवड्यात घरातल्या कोणाची तरी मदत घ्यावी, कारण डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही आणि औषध नेमके तिथेच राहून जाते. माझी आई रोज रात्री कंगवा घेऊन माझ्या मागे बसत असे. माझा पहिला खरा आराम तिच्या हातचा आहे.

कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मागे एक सरळ भांग पाडावा आणि दोन बोटांनी केस दोन्हीकडे दाबून धरावेत, म्हणजे त्वचेची रेघ उघडी पडते. बाटलीचे तोंड त्या रेघेजवळ नेऊन जिथे चट्टा आहे तिथेच काही थेंब सोडावेत, आणि बोटाच्या पेराने ते त्वचेवर पसरून हलकेच जिरवावेत. मग एक-दीड सेंटिमीटर सरकून पुढचा भांग पाडावा. याप्रमाणे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जावे. पहिल्या रात्री याला वीस मिनिटे लागतात, आठवड्याने आठ-दहा मिनिटांत होते. लाल किंवा खवले असलेल्या जागेवरच औषध लावायचे आहे. चांगल्या त्वचेला ‘होऊ नये म्हणून’ लावण्याची गरज नाही.

कपाळाच्या कडेला आणि कानामागे थेंब सोडू नयेत. तिथे आधी बोटावर औषध घेऊन मग ते टेकवावे, म्हणजे ओघळत नाही. जेल किंवा मलमासाठी ‘बोटाच्या पेराचे माप’ वापरतात: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत, एक पट्टी काढली की प्रौढ माणसासाठी ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे औषध दोन तळहात बोटांसह झाकले जातील इतक्या जागेला पुरते. द्रव औषधाला हे माप नाही, म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. ती किती दिवसांत संपते यावरून डॉक्टरांना तुमचा वापर कळतो. क्लोबेटासॉल कोणत्याही परिस्थितीत आठवड्याला ५० ग्रॅम किंवा ५० मिलिलिटरच्या वर जाऊ नये.

लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मगच चष्म्याला, डोळ्यांना किंवा बाळाला हात लावावा. लेन्स लावणाऱ्यांनी हे विशेष पाळावे, कारण डोळ्यांत वारंवार स्टिरॉइड गेल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालू नये. झाकल्यामुळे शोषण पुष्कळ वाढते, तेव्हा ते डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले असेल तरच करावे. लोशनवर लगेच तेल लावू नये. औषध पातळ होते आणि तेलाबरोबर कपाळावर उतरते.

धुणे आणि जोडीची औषधे

सकाळी सौम्य शॅम्पूने, कोमट पाण्याने केस धुवावेत. कढत पाण्याने खाज वाढते. सेबोऱ्हिक डर्मटायटिसमध्ये खरे मुख्य औषध यीस्टविरोधी शॅम्पू आहे आणि स्टिरॉइड हा थोड्या दिवसांचा सोबती आहे, हे मी अगदी जोर देऊन सांगेन. केटोकोनाझोल २ टक्के शॅम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून, दोन ते चार आठवडे वापरायचा, आणि नंतर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा. स्टिरॉइड थांबल्यावरही तो चालू राहतो, आणि बहुतेकांचा आजार त्यावरच आटोक्यात राहतो. सोरायसिसमध्ये कोलटारचा, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबराचा, शॅम्पू उपयोगी पडतो. त्याचा वास राहतो, आणि पांढऱ्या केसांवर त्याचा रंग चढू शकतो, हे आधी माहीत असलेले बरे.

थांबवणे

औषध सुरू करताना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: ‘हे कोणत्या तारखेला बंद करायचे?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये. साधारण चौकट अशी असते की डोक्याच्या सोरायसिसला तीव्र स्टिरॉइड दिवसातून एकदा, चार आठवड्यांपर्यंत देऊन पाहतात. क्लोबेटासॉलच्या लोशनच्या माहितीपत्रकात सलग दोन आठवड्यांची मर्यादा दिलेली असते. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक सूचना अतितीव्र औषध एका जागी सलग चार आठवड्यांपेक्षा आणि तीव्र औषध आठ आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये असे सांगते, दोन फेऱ्यांमध्ये चार आठवड्यांची विश्रांती ठेवण्याचा सल्ला देते, आणि मुलांमध्ये अतितीव्र औषध नको म्हणते.

डोके स्वच्छ झाले की बहुतेक डॉक्टर एकदम तोडण्याऐवजी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असे उतरवत नेतात. पुन्हा पुन्हा उफाळणाऱ्या आजारात आठवड्याचे ठरावीक दोन दिवस औषध लावून बाकीचे दिवस मोकळे ठेवण्याची पद्धतही आहे. माझे डोके गेली काही वर्षे अशाच रीतीने शांत आहे, पण हा आराखडा माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी आखलेला आहे, तो उचलून दुसऱ्याने वापरू नये.

अडचण अशी की थांबवायचे दिवस आले की शेजारचा औषधविक्रेता तीच बाटली विनाचिठ्ठी देतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सहज मिळतात. मी स्वतः एका दुकानातून दोन वर्षे एकच लोशन आणत राहिलो, कोणी एकदाही चिठ्ठी मागितली नाही, आणि कपाळावरच्या केसांच्या रेषेत बारीक लाल रक्तवाहिन्यांची जाळी उमटली तेव्हा मला शुद्ध आली. त्या रेषा अजूनही पूर्ण गेलेल्या नाहीत.

कधी थांबून डॉक्टरांकडे परतायचे

त्वचा पातळ आणि चकचकीत दिसू लागणे, लाल रक्तवाहिन्या दिसणे, कपाळावर मुरुमांसारखे पुरळ, केसांच्या मुळाशी पुवाच्या पुळ्या, किंवा औषध थांबवताच पूर्वीपेक्षा जास्त लाली आणि आग, यांतले काहीही दिसले तर पुढची मात्रा लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. ताप आणि अंगभर पुवाचे बारीक फोड आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोरायसिस असलेल्यांना कोणी ‘लवकर गुण येईल’ म्हणून स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देऊ करत असेल तर स्पष्ट नाही म्हणावे, कारण ते बंद होताना आजार पुवाच्या फोडांच्या गंभीर रूपात उसळू शकतो.

सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे अर्धा तास आखडलेले राहणे, टाच दुखणे, एखादे बोट सबंध सुजणे, याही गोष्टी त्वचेच्या डॉक्टरांना सांगायच्या आहेत. डोक्यात सोरायसिस असणाऱ्यांमध्ये सांध्यांच्या सोरायसिसचा धोका अधिक आढळतो, आणि रुग्ण गुडघ्याचे डॉक्टर एकीकडे व डोक्याचे लोशन दुसरीकडे अशी विभागणी करून बसतात.

गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी ते आधीच सांगावे; सौम्य किंवा मध्यम औषधे त्यांना सहसा देता येतात, अतितीव्र औषधाचा मोठा वापर टाळतात.

आणि चार आठवडे मन लावून, भांग पाडून, त्वचेवर औषध लावूनही फरक पडला नाही तर? आधी खपल्या खरोखर उतरल्या होत्या का ते पाहावे, मग रोगाचे निदान पुन्हा तपासून घ्यावे. दोन्ही ठीक असतील तर औषधाचे रूप बदलता येते, कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन यांचे एकत्रित जेल देता येते, आणि त्यानेही भागले नाही तर मेथोट्रेक्सेट किंवा अॅप्रेमिलास्ट यांसारखी शरीरात आतून काम करणारी औषधे, किंवा बायॉलॉजिक, म्हणजे आजारामागची प्रतिकारशक्तीची ठरावीक साखळी रोखणारी, इंजेक्शने असे पुढचे टप्पे आहेत. त्या भेटीला जाताना रिकाम्या बाटल्या, त्यांच्यावर लिहिलेल्या तारखा आणि उजेडात काढलेली डोक्याची छायाचित्रे सोबत न्यावीत.